हलायची सवय

नारपोलीच्या त्या गल्लीत घरं कधी स्वस्थ उभी नसतात. खाली कापड विणायचे लूम आणि वर संसार. सकाळी लूम सुरू झाले की वरच्या मजल्यावर मांडणीतले पेले किणकिणायला लागतात, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्याला धरून थरथरतं, आणि नव्याने आलेल्या सुनेला पहिले आठ दिवस झोप लागत नाही. नवव्या दिवशी लागते. पुढे ती माहेरी गेली की तिथल्या शांततेतच तिचा डोळा लागेनासा होतो, असं बायका हसत हसत सांगतात.

म्हणून त्या हिवाळ्यात जमीन हलू लागली, तेव्हा गल्लीला ते कळलंच नाही.

तिकडे डहाणू-तलासरीच्या बाजूला गेली काही वर्षं धक्के बसतात, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पण ते तिकडे. या वेळी बातम्या जवळ आल्या. काल्हेरच्या नव्या टॉवरांतली माणसं दोनदा जिने उतरून रस्त्यावर येऊन उभी राहिली. राहनाळला एका गोदामात छतापर्यंत रचलेले खोके कोसळले. जेवणाची सुट्टी होती म्हणून कोणी खाली सापडलं नाही. नारपोलीत मात्र दोन्ही वेळा लूम चालू होते. कोणाचा पेला थोडा जास्त किणकिणला असेल, तेवढंच.

गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी होती. तिथे एका सकाळी कोणीतरी केसरीनाथ मिस्त्रीला विचारलं, "मिस्त्री, आपल्या बिल्डिंगींचं काय व्हायचं मग?"

केसरीनाथने बशीतला चहा फुंकला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, राहनाळचा. अर्धी गल्ली त्याने बांधलेली आणि उरलेली अर्धी दुरुस्त केलेली. तो बोलला की बाकीचे ऐकत.

"अरं, लूमच्या घराला हलायची सवय हाय," तो म्हणाला. "रोज हलतंय. भूकंप येऊन त्याला नवीन काय शिकवनार?"

सगळे हसले. ते वाक्य गल्लीत फिरलं. कारखान्यांतून फिरलं, जिन्यांवरून वर गेलं, स्वयंपाकघरांत पोचलं. घाबरलेल्या माणसाला असं एखादं वाक्य हवंच असतं, आणि ते मिस्त्रीच्या तोंडचं असलं म्हणजे मग बघायलाच नको.

केसरीनाथने बशी खाली ठेवली. तो हसला नव्हता. गल्लीतल्या कारखानदार हारूनच्या इमारतीत तळमजल्यावर बारा खांब असायला हवे होते आणि अकराच होते. ही गोष्ट जगात दोन माणसांना ठाऊक होती. एक हारून. दुसरा बारावा खांब कापणारा.

*

केसरीनाथ आणि हारून लहानपणी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसलेले. पुढे हारूनने वडिलांचा लूमचा कारखाना सांभाळला आणि केसरीनाथने थापी हातात घेतली. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी तो नवी घरं बांधायच्या कामावर तिकडे गेला होता. आठ महिने राहिला. तिथे एक म्हातारा रोज दुपारी भाकर घेऊन कामाच्या जागी यायचा आणि उन्हात, मोकळ्या रानात, मधोमध बसून खायचा. केसरीनाथने त्याला एकदा बोलावलं, "बाबा, हिकडं भिंतीच्या सावलीला या की." म्हातारा नुसता हसला आणि आपल्या जागेवरून हलला नाही. त्याच्या घरातली सात माणसं भिंतीखाली गेली होती, हे केसरीनाथला नंतर कळलं.

एवढं बघून आलेला हा माणूस. आणि तरीही तिथून परतल्यावर तिसऱ्या वर्षी त्याच्या हातून ते काम झालं.

हारूनने तेव्हा मोठ्या पन्ह्याचे दोन लूम आणले होते, रुंद कापड काढणारे. कारखान्यात उतरवल्यावर कळलं की दोन खांबांच्या मध्ये ते मावत नाहीत. हारून डोक्याला हात लावून बसला.

"जमंल काय रे, केसऱ्या?"

"जमंल," केसरीनाथ म्हणाला. त्या वयात त्याला 'न्हाय' म्हणणं ठाऊकच नव्हतं.

मधला खांब त्याने कापला. वरच्या तुळईखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोखंडी गर्डर टाकला आणि त्याची दोन्ही टोकं विटांच्या पिलरवर टेकवली. वरून प्लास्टर केलं, चुना मारला. आठ दिवसांनी नवे लूम खटाखट चालू झाले, तेव्हा हारूनने त्याला मिठी मारली होती.

वर पहिल्या मजल्यावर तोच खांब पुढे चढलेला होता, हारूनच्या बायकोच्या, शकिलाच्या, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून. आता त्याच्या पायाखाली काही नव्हतं. त्या कोपऱ्यात दरवर्षी एक तिरपी चीर पडे. आणि दरवर्षी रमजानच्या आधी, घराला रंग काढायच्या निमित्ताने, केसरीनाथ वर जाऊन ती बुजवून येई. पैसे घेत नसे. शकिला त्याला ईदला शिरखुर्म्याचा डबा देई.

*

धक्क्यांच्या बातम्या वाढल्या तशा जुन्या इमारतींना नोटिसा आल्या, तपासणी करून घ्या. हारूननेही एक इंजिनिअर बोलावली. नेत्रा तिचं नाव, कल्याणहून स्कूटीवर आली. तिशीची, सडपातळ, खिशात टेप आणि हातात खांबाची ताकद मोजायचं हातोडीसारखं यंत्र.

लूम चालू होते. कापसाची पूड हवेत तरंगत होती, ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. हारून आणि केसरीनाथला मागे घेऊन ती ओळीने खांब तपासत गेली आणि मधे थबकली.

"इमारतीचा नकाशा आहे का?" तिने ओरडून विचारलं.

"सव्वीस जुलैच्या पुरात गेला," हारून म्हणाला. ते खरं होतं.

"या दोन खांबांत अंतर एवढं जास्त का?"

हारूनने केसरीनाथकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्या बघण्यात अठरा कामगार होते, वरची आठ बिऱ्हाडं होती, साठ वर्षांची ओळख होती.

"पयल्यापासून तसंच हाय, ताई," केसरीनाथ म्हणाला.

नेत्राने वहीत काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर हारूनने तिला सरबत दिलं आणि हसत म्हणाला, "काळजी नका करू मॅडम. आमचा मिस्त्री बोलतो, लूमच्या घराला हलायची सवय असते."

ती हसली नाही. तिने सरबताचा ग्लास बाकावर ठेवला. कारखान्याच्या थरथरीने सरबतावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती.

"हे बघा," ती केसरीनाथला म्हणाली, हारूनला नाही. "ही लूमची थरथर. जागच्या जागी." मग तिने ग्लास धरून हळूच आडवा सरकवला. सरबत एका बाजूला चढलं आणि काठावरून सांडलं. "आणि हा भूकंप. तो अख्खं घर पायाला धरून आडवं ढकलतो. ते ढकलणं सोसायचं कोणी? खांबांनी. रोज कोणी पाठीवर थोपटलं म्हणून माणसाला धक्का सोसायची सवय होते का, बाबा?"

केसरीनाथ सांडलेल्या सरबताकडे बघत राहिला.

"मध्ये प्लास्टर फोडून बघावं लागेल," जाताना ती म्हणाली. "लूम बंद ठेवून. दिवस तुम्ही कळवा." तिने आपलं कार्ड दिलं.

ती गेल्यावर हारून म्हणाला, "बघू रमजान झाल्यावर."

"हारून, सांगून टाकू काय?"

"काय सांगशील? आणि मग वरची माणसं कुठं जातील? तुझं काय, तू राहनाळला बैठ्या घरात झोपतोस." मग त्याचा आवाज उतरला. "एवढी वर्षं उभी आहे ना? अजून एक ईद जाऊ दे."

केसरीनाथने कार्ड खिशात टाकलं. संध्याकाळी घरी जाताना रिक्षात त्याने ते कार्ड तीनदा खिशातून काढलं आणि तीनदा परत ठेवलं.

*

शुक्रवारी लूम बंद असतात. आठवड्यातून तेवढाच दिवस गल्ली गप्प असते, आणि म्हणूनच मिस्त्रीची सगळी किरकोळ कामं शुक्रवारी निघतात. त्या शुक्रवारी केसरीनाथ हारूनच्या कारखान्यात एका लूमच्या पायाचे ढिले झालेले बोल्ट पक्के करायला आला होता. पुरुष माणसं नमाजाला गेलेली. वरून भांड्यांचे आणि मुलांच्या खेळण्याचे आवाज येत होते.

त्याने पाण्याचा तांब्या उचलला. पाणी हिंदकळलं.

आधी त्याला वाटलं, आपलाच हात थरथरला. मग पायाखालून काहीतरी सरकत गेलं, जड ट्रक जावा तसं, पण आवाज नाही. ओळीने उभे असलेले लूम कुरकुरले. आणि बंद कारखान्याच्या त्या शांततेत त्याला डोक्यावर एक आवाज ऐकू आला, दात खाल्ल्यासारखा. त्याने वर बघितलं. गर्डरच्या टोकाशी प्लास्टरची रेघ उघडली होती आणि तिच्यातून विटेची लाल पूड पीठ चाळल्यासारखी खाली पडत होती.

सगळं मिळून पाचसहा सेकंद. मग थांबलं. पूड मात्र पडतच होती.

केसरीनाथ जिन्याकडे गेला. गुडघ्याचं दुखणं त्याला चार पायऱ्या चढल्यावर आठवलं.

शकिला स्वयंपाकघराच्या दारात बसून डाळ निवडत होती. आत, चीर पडणाऱ्या त्याच कोपऱ्याला पाठ टेकून, तिची आठ वर्षांची नात सना आणि शेजारच्या तीन मुली सागरगोटे खेळत होत्या.

"केसरीभाई, आज शुक्रवार असून लूम कोणी चालू केला रे?" शकिलाने मान वर न करता विचारलं. "एकदम केला नि बंदपण केला. पेला पडला माझा."

"लूम नाय, दादी," सना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते, सर्कस बघून आल्यासारखे. "भूकंप असंल! पण घाबरायचं नाय. आपल्या घराला हलायची सवय हाय. मिस्त्रीदादा बोलले ना?"

आणि तिने त्याच्याकडे बघितलं, शाळेत बरोबर उत्तर दिल्यावर मूल मास्तरांकडे बघतं तसं.

केसरीनाथची नजर मागच्या भिंतीवर गेली. तिच्या डोक्याच्या वर टीचभर अंतरावर, दीड महिन्यापूर्वीच त्याने बुजवलेली चीर पुन्हा उघडली होती. आता तिच्यात बोट गेलं असतं.

त्याने पुढे होऊन शेगडी बंद केली.

"अरे, भात हाय त्यावर!" शकिला म्हणाली.

"भात ऱ्हाऊदे, भाभी." मग तो मुलींसमोर उकिडवा बसला. आवाज शक्य तितका शांत ठेवला. "पोरींनो, मी बोललो ता चुकीचं बोललो. घराला सवय नसते. आता हलायचं थांबलंय, म्हनून आता उतरायचं. धावायचं न्हाय, ढकलायचं न्हाय. एकीने दुसरीचा हात धरायचा आनि भिंतीला टेकायचं न्हाय. समजला काय?"

"खोटं बोललात तुम्ही?" सनाने विचारलं.

"हां," केसरीनाथ म्हणाला. "चल, सगळ्यांच्या पुढं तू. वाट दाखव."

त्याने दारोदार जाऊन आठही बिऱ्हाडं खाली काढली. कोणी हसलं, कोणी चिडलं, एकीने कुलूप लावायला वेळ मागितला. समोर ट्रक उभे करायचा मोकळा प्लॉट होता, तिथे सगळ्यांना नेऊन बसवलं. मग त्याने खिशातलं कार्ड काढलं आणि नेत्राला फोन लावला.

*

नमाज सुटली. हारून टोपी सारखी करत गल्लीत शिरला आणि प्लॉटवर उन्हात बसलेली आपली बायको, नात आणि सगळे भाडेकरू बघून थांबला. मागची माणसंही थांबली. मशिदीत झुंबर हललेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

"काय झालं? कोणी काढलं यांना बाहेर?"

"मी," केसरीनाथ म्हणाला. "तळाला अकरा पिलर हायत. बारावा मी कापला."

हारून जवळ आला. "हळू बोल."

"एवढी वर्सं हळूच बोललो, हारून."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. हारूनचा चेहरा लाल झाला. "आता मला गुन्हेगार कर सगळ्यांसमोर! माझ्या सांगण्यावरून कापलास म्हण!"

"न्हाय. तू लूम आनलेस. कापाया तू न्हाय सांगितलंस. तू इचारलंस, जमंल काय? मी बोललो, जमंल." केसरीनाथचा आवाज फाटला. "मिस्त्री मी होतो. किल्लारी मी बगून आयलो होतो. तू न्हाय."

हारून आणखी एक पाऊल पुढे आला. त्याने हात उचलला, मारायला की थांबवायला ते त्यालाही कळलं नसावं, आणि तसाच खाली सोडला.

तेव्हा शकिला उठून पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

"दरवर्षी चीर बुजवायला यायचास," ती म्हणाली. "ते याच्यासाठी?"

"हां, भाभी."

"आणि मी तुला शिरखुर्मा द्यायची. म्हणायची, केसरीभाई किती माया करतो आपल्या घरावर." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "माझी नात त्या कोपऱ्यात अभ्यास करते रे."

केसरीनाथ मान खाली घालून उभा राहिला.

दीड तासाने नेत्रा आली. तिने सगळ्यांना लांब ठेवलं, डोक्यावर हेल्मेट चढवलं, शिडी लावली आणि केसरीनाथने दाखवलेल्या जागी छिन्नीने प्लास्टर काढलं. विटांचा पिलर आतून भुगा झाला होता. रोजच्या थरथरीने गर्डर इतक्या वर्षांत केसाकेसाने सरकत आला होता आणि आता त्याचं टोक जेमतेम दोन बोटं टेकलेलं होतं.

ती खाली उतरली तेव्हा तिच्या पापण्यांवर लाल पूड होती. "वर कोणी जायचं नाही," ती म्हणाली. "कपडे आणायला नाही, कागद आणायला नाही. आज लोखंडी टेकू लावू. पुढचं पुढे."

एका बाईने हुंदका दिला. कामगार एकमेकांकडे बघू लागले. उद्या लूम चालू होणार नव्हते, हे सांगायची गरज नव्हती. शाळेचा हॉल उघडून घ्यायला दोघे तिघे गेले. हारून ट्रकच्या टायरला टेकून बसून होता, टोपी हातात घेऊन. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि केसरीनाथशीही कोणी बोलत नव्हतं.

नेत्रा पाण्याची बाटली घेऊन केसरीनाथपाशी आली. तिने त्या दिवशीच्या उत्तराबद्दल काहीच विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

"बाबा, असं काम तुम्ही फक्त इथेच केलं?"

केसरीनाथने गल्लीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना सारख्याच इमारती, खाली शटर आणि वर गॅलरीत वाळत घातलेले कपडे. त्या वर्षांत मोठ्या पन्ह्याचे लूम एका हारूनने थोडेच आणले होते! आणि जमेल म्हणणारा मिस्त्री कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हारूनच्या कारखान्यात मोठे लूम बसलेले बघूनच तर लोक त्याच्याकडे आले होते.

"पाच ठिकानी," तो म्हणाला. "एक पाडली, तिथं आता गोदाम हाय. ही एक. म्हंजी अजून तीन."

"कुठल्या?"

"दाखवतो." तो उठला. गुडघा धरला, तसाच उभा राहिला.

"कुठं निघालास?" टायरपासून हारूनचा आवाज आला.

"धनेशच्या कारखान्यात."

"धनेश तुझं ऐकेल? त्याच्या बापाने बांधलीय ती. भूकंपाचं नाव काढलंस तर गल्लीच्या तोंडापर्यंत शिव्या घालत आणेल."

"घालूदे."

तो दहा पावलं चालून गेला असेल. मागून चपलांचा आवाज आला. हारून होता. त्याने टोपी डोक्यावर घातली होती आणि त्याचा चेहरा अजून कडू होता.

"तुझ्यावर माझा राग आहे, केसऱ्या," तो म्हणाला. "तो जायचा नाही."

"नको जाऊदे."

"पण मी सोबत असलो तर धनेश निदान दार उघडेल. आपली इमारत मोकळी करून आलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

दोघे म्हातारे पुढे निघाले; नेत्रा टेकूची सोय लावून मागून येणार होती. धनेश आपल्या कारखान्याच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला होता, मोबाईलवर भूकंपाचीच बातमी बघत. वरच्या गॅलरीत एक बाई बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती, आणि तिच्यामागे घरात कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

"काय मिस्त्री? आज शेठला घेऊन?" धनेश हसत उठला. "चहा सांगू?"

"चहा नको, धनेश," केसरीनाथ म्हणाला. "पयले वरच्या माणसांना खाली बोलाव. मग माज्यावर काय वरडायचं ता वरड."